जीनाच्या मेंदूची फिल्म

मी एमआरआयची फिल्म बोलतेय. काळ्या प्लॅस्टिकचा एक मोठा कागद, त्यावर एकाच डोक्याचे वीस फोटो. डोकं जीनाचं; ती वसईतल्या गास गावची, वय तेवीस. गोड बोलायला मी आलेली नाही. ज्या घराने मला आठ महिने गादीखाली दाबून ठेवलं, त्या घराचा मला राग आहे.

जीना बालवाडीत शिकवायची. आधी तिचं अक्षर बिघडलं. मग हात थरथरू लागला, जीभ जड झाली, चालताना उजवा पाय वाकडा पडू लागला. मुलांच्या आयांनी तक्रार केली की टीचर पिऊन येतात. शाळेने तिला घरी बसवलं. घरी तिचा बाप प्लासिड म्हणाला, सगळी नाटकं आहेत. आई फ्लॉसीने नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, केली. पहिल्या डॉक्टरने मनाच्या गोळ्या दिल्या; त्यांनी पोर आणखी ताठरली.

शेवटी मेंदूच्या एका डॉक्टरीणबाईंनी तिला विरारच्या सेंटरमध्ये पाठवलं. माझा जन्म तिथला, तोही अपमानातला. मशीनमध्ये हलायचं नसतं आणि जीनाचं डोकं थांबेना. सिद्धेश नावाचा तंत्रज्ञ काचेआडून माइकवर डाफरत राहिला, "एवढंपण जमत नाही का?" ज्या हलण्यासाठी ती तपासायला आली होती, त्याचाच तो राग करत होता. फोटो पुसट आले. दुसऱ्या दिवशी तिला भूल दिली, तेव्हा कुठे मी स्पष्ट उमटले.

डॉक्टरीणबाईंनी मला उजेडावर धरलं. मेंदूच्या आत खोल, जिथून हालचालींवर ताबा राहतो, तिथे दोन्ही बाजूंना सारखेच पांढुरके डाग होते. त्या म्हणाल्या, हा विल्सनचा आजार असावा. अन्नातलं जादा तांबं बाहेर पडत नाही, यकृतात आणि मेंदूत साठत जातं. डोळे, रक्त, लघवी तपासली की नक्की कळेल. औषध आहे, पण उशीर करू नका. हा दोष आई आणि वडील, दोघांकडून येतो, म्हणून भावालाही तपासा.

भावाचं, केनीचं, लग्न नुकतंच ठरलं होतं.

"आमच्या रक्तात खोट नाही," प्लासिड घरी येऊन म्हणाला. "हे बाहेर गेलं तर केनीचं लग्न मोडेल." त्याने मला गादीखाली सरकवलं. फ्लॉसीने वरून चादर नीट केली. तिचाही मला राग आहे.

आठ महिन्यांत जीनाला घास गिळता येईना. लग्नाला महिना उरला असताना केनीचे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं. त्या सकाळी फ्लॉसीने गादी उचलली आणि मला पिशवीत घातलं. प्लासिड दारात आडवा आला.

"एकीला दडवलंत, दुसरा पिवळा पडला," ती म्हणाली. "बाजूला व्हा."

तो झाला.

डॉक्टरीणबाईंना दोघांच्याही बुबुळांच्या कडेला तपकिरी कडं सापडलं, साठलेल्या तांब्याची ती खूण. दोघांचं औषध एकाच दिवशी सुरू झालं. लग्न पुढे ढकललं. केनी हळूहळू सावरला आणि त्याने स्वतःच टिफनीला, होणाऱ्या बायकोला, सगळं सांगितलं. तिने लग्न मोडलं नाही. फक्त विचारलं, जीनाला आठ महिने का थांबवलं?

जीना आता गिळते, चालते. बोलणं मात्र तुटक राहिलं. आठ महिने आधी आली असती तर जास्त सुधारली असती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी दडपलेली असेल, तर तिला बाहेर काढा. आम्ही कुणाच्या कुळाची बदनामी करत नाही. आत काय चाललंय एवढंच दाखवतो.

गेल्या रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर पाहुणे घरी आले. कुणीतरी जीनाला विचारलं, काय झालं होतं गं? ती शब्द जुळवू लागली. प्लासिड घाईने मध्ये पडला, "काही नाही, अशक्तपणा होता."

"डॅडी, गप," जीना म्हणाली. "मी… सांगते."

आणि तिने सांगितलं. एकेक शब्द ओढत, गादीखालच्या आठ महिन्यांसकट. बराच वेळ लागला. कुणी उठलं नाही. प्लासिडने मान खाली घातली होती. तिने एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही.