यंदाचं मुंडकं अमजदचं

भिगवणात राहायचं आणि मासे पकडायला दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर लांब समुद्रावर जायचं, ह्याला भिगवणकर सरळ डोक्यावर परिणाम म्हणतात. त्यांचं काही चुकत नाही. उजनीचं पाणी दाराशी, मासळी बाजार गावात, चिलापी म्हणा, रोहू म्हणा, पाहिजे तेवढी. पण अमजद गादीवाला आणि पळसदेवचे आनंद मास्तर दर कार्तिकात हा वेडेपणा करत आले होते. एकोणीस वर्षं झाली. कुणी शहाणपणा शिकवायला आलं, तर दोघं त्या माणसाकडे कीव आल्यासारखे बघायचे.

जागा ठरलेली होती. श्रीवर्धनच्या अलीकडे एका खाडीचं तोंड, तिथं पाण्यात घुसलेला काळा कातळ. पाऊस जाऊन समुद्राचा गढूळपणा बसलेला असतो, ऊन अंगाला लागत असतं, पण भाजत नसतं. त्रिपुरी पौर्णिमेच्या आगेमागे दुपारी बाराच्या सुमारास भरती पूर्ण होते आणि मग पाणी उतरायला लागतं. त्याच्याबरोबर खाडीतली बोय मासळी थव्यांनी बाहेर निघते आणि तोंडाशी दबा धरून जिताडा बसलेला असतो. अंगापिंडानं दांडगा, चवीला असा की खाणारा बोलायचं विसरतो. त्या दोन तासांसाठी हे दोघं वर्षभर जगायचे म्हटलं तरी चालेल.

गळ अमजद स्वतः बांधायचा. शिशाचं डोकं ओतायचं, माशाला भुलवायला शेजारच्या खाटकाकडून बोकडाच्या शेपटीचे केस आणायचे आणि गादीच्या लाल दोऱ्यानं आवळून शेवटी गादीवाल्याची गाठ मारायची. गादीला टाके घालताना कापूस सरकू नये म्हणून मारतात ती. ती बाजारातल्या कुठल्याच गळाला नसते. वर्षाला दोनच गळ, एक स्वतःला, एक आनंदाला. मासा लागला की त्याच्या तोंडातून गळ काढायचं कामही अमजदचंच, कारण मास्तरांना जिताड्याच्या कल्ल्यांची भीती. एकदा बोट कापलं होतं, तेव्हापासून ते नुसती गळाची दोरी कापून मोकळे व्हायचे.

पहिल्या मोठ्या माशाची वाटणी कातळावरच व्हायची. मधोमध कापायचा, एकाला मुंडकं, एकाला शेपूट, आणि पुढच्या वर्षी उलटं. मुंडक्याच्या कालवणाला तोड नाही, म्हणून ही अदलाबदल काटेकोर पाळली जायची. गेल्या वर्षी मुंडकं आनंदाचं होतं. यंदा अमजदचं.

आणि यंदा अमजदला जायची जरा जास्तच घाई होती. दोन्ही गुडघे गेले होते. बारामतीच्या डॉक्टरांनी डिसेंबरात ऑपरेशन सांगितलं होतं आणि नंतर कातळबितळ विसरा म्हणून बजावलं होतं. एवढा एक कार्तिक, मग खुशाल चिरा, असं त्यानं डॉक्टरांना तोंडावर सांगितलं होतं. दिवाळीच्या आधीच दोन्ही गळ बांधून झाले. आनंदाचा आनंदाला पोचवून झाला.

निघायला तीन दिवस असताना आनंदाचा फोन आला. विनयाची, म्हणजे त्याच्या बायकोची, तब्येत बिघडली होती. पुण्याला दाखवायला न्यायचं, चार-पाच दिवस तपासण्या, यंदा जमायचं नाही. आवाज पडलेला होता. अमजदनं जाण्याचा विषय दुसऱ्यांदा काढला नाही. वाईट वाटलं, पण ते गिळलं, कारण माणूस आजारी असताना माशांचं काय घेऊन बसायचं. जुम्म्याच्या नमाजानंतर त्यानं विनयावहिनींसाठी दुआ मागितली. त्याच्या बायकोनं, वहिदानं, तर एक रोजा मानून तो धरलाही.

पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी आनंद मास्तर स्वतः दारात उभे. हातात थर्माकोलचा डबा, आत बर्फ, बर्फात जिताड्याचं मुंडकं. चांगलं मोठं, डोळे अजून चकचकीत. पुण्याच्या बाजारात दिसला, म्हणाले, यंदा पाळी तुझी होती, जीव राहिना. वहिदानं विनयाची चौकशी केली, तर रिपोर्ट चांगले आलेत म्हणून सांगितलं. चहा अर्धा ठेवून गेले. चेहरा उन्हानं रापलेला होता, पण दवाखान्यात हेलपाटे घालून माणूस रापतोच, असं अमजदनं स्वतःलाच समजावलं. खरं सांगायचं तर त्याला भरून आलं होतं. इतक्या काळजीत असताना मित्रानं वाटणीची आठवण ठेवली.

मोठं मुंडकं तो दुसऱ्या कुणाला साफ करू देत नसे. मोरीजवळ पाट घेऊन, पाय लांब सोडून बसला. कल्ले उचकटून आत बोटं घातली, तर घशाच्या तळाशी काहीतरी टोचलं. ओढलं, येईना. पक्कड मागवली. पिळून बाहेर काढलं तेव्हा आधी बोकडाचे चिकटलेले केस दिसले आणि मग लाल दोरा. अंगठ्यानं रक्त पुसलं. गादीवाल्याची गाठ.

नळ चालू होता, तो वहिदानं येऊन बंद केला. तिनं गळ पाहिला. गेल्याच महिन्यात तिच्याच ओट्यावर तो बांधला होता, तेव्हा तिला समजावून सांगायची गरज नव्हती.

"भावजी पुण्यात हुते ना?" ती म्हणाली.

अमजदला तिच्याकडे बघता येईना. राग यायला हवा होता, पण आधी लाजच वाटली, जणू खोटं आपणच बोललो. मग हळूहळू एकेक गोष्ट आठवत गेली, फोनवरचा पडलेला आवाज, मशिदीतले आपले वर केलेले हात, वहिदाचा सुकलेला चेहरा, आणि मग मात्र त्याच्या छातीत जाळ झाला. त्या दिवशी घरात कालवण झालं नाही. मुंडकं फ्रिजमध्ये पडून राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गळ कागदात गुंडाळून खिशात टाकला. जाता जाता माळ्यावरची पिशवी काढायला लावली आणि तिच्यातली दोरी घेतली.

ह्या दोरीचंही सांगायला हवं. आनंद मास्तर धरणाच्या काठी जन्माला येऊन पोहायला शिकले नव्हते. पहिल्या वर्षी समुद्र पाहून त्यांना घेरी आली होती. तेव्हा अमजदनं गाद्यांचे गठ्ठे बांधायची ही जाड दोरी आणली, एक टोक आनंदाच्या कमरेला, दुसरं आपल्या. सहा वर्षं ते तसेच उभे राहिले, दोन बैल एका दाव्याला बांधावेत तसे. लाट मोठी आली की अमजद आपली गळाची काठी सोडून आधी दोरी धरायचा. किती मासे त्यात सुटले, ह्याचा हिशेब त्यानं ठेवला नाही. पुढं मास्तरांना दोरीची लाज वाटायला लागली, तेव्हा ती पिशवीतच राहू लागली, पण अमजद पाण्याकडच्या बाजूलाच उभा राहायचा. विनया मात्र दर वर्षी निघताना विचारायची, दोरी घेतली का, आणि अमजद पिशवी उघडून दाखवायचा. तो सोबत असेल तरच नवऱ्याला समुद्रावर जाऊ द्यायचं, असा तिचा नियम होता.

पळसदेवला धरणाचं पाणी अजून वरच होतं, जुनं देऊळ बुडालेलं. अमजदनं मोपेड अंगणात लावली, गुडघे सरळ करायला दोन मिनिटं घेतली. विनया दारातच मेथी निवडत बसली होती. ठणठणीत. त्याला पाहून ती हसून उठली.

"या भावजी. गुडघं काय म्हणत्यात? समुद्रावर लय तरास झाला आसंल. मी ह्यास्नी सारखी फोन करून इचारत हुते, अमजदभावजी बसत्यात का मधनंमधनं."

म्हणजे आनंद नुसता त्याला टाकून गेला नव्हता. त्याचं नाव घेऊन गेला होता. हिला निघताना सांगितलं असणार, अमजदला भिगवणात गाडीत घेतो, तिकडून सांगितलं, अमजद बरोबर आहे, आणि अमजदला सांगितलं, ही आजारी आहे. दोन माणसांचा विश्वास एकमेकांवर टेकवून मास्तर मधून निसटले होते.

"न्हाय झाला तरास," तो एवढंच म्हणाला. आपण हे का बोललो, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. एकोणीस वर्षांची सवय असेल.

आवाज ऐकून आनंद बाहेर आला आणि अमजदच्या हातातली दोरी बघून उभाच राहिला. विनया चहा टाकायला आत गेली. अमजद ओट्यावर टेकला आणि खिशातला कागद काढून त्यानं कठड्यावर उलगडला.

आनंदानं गळ बघितला. नाकारायचा प्रयत्न केला नाही, तेवढा मान त्यानं ठेवला. कठड्यावर बसला आणि खालच्या आवाजात सांगत गेला. बारामतीचा इंद्रजित आणि त्याचे दोन मित्र, तिघंही मास्तरांचे जुने विद्यार्थी, कधीपासून मागं लागले होते. त्यांच्याकडे मोठी गाडी, भारीतल्या काठ्या, बुडू नये म्हणून अंगात घालायची जॅकेटं. जागा आनंदानंच त्यांना दाखवली. तुझे गुडघे बघून तुला म्हणायची हिंमत झाली नाही, म्हणाला, तू पडला असतास तर वहिदावहिनींना मी काय तोंड दाखवलं असतं.

"मग तसं सांगायचं," अमजद म्हणाला. "मी मागं पुळणीच्या वाळूत बसलो आसतो. भरती-ओहोटी बघत. मला तेवढंबी पुरलं आसतं."

आनंद नखानं कठडा खरवडायला लागला.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "गेल्या साली तू घसरलास, मी तुझी कॉलर धरली, मासा गेला. तवापासनं डोक्यात हाय. मला एक बार नुसतं पाण्याकडं बघून मासं मारायचं हुतं, अमजद. तुझ्याकडं बघत न्हाय."

अमजदनं ते ऐकलं. सहा वर्षं त्याच्या कमरेला करकचून बसणारी दोरी हातात होती. सांगावंसं वाटलं, की मीही पाण्याकडं बघायलाच जात होतो रे. सुटलेले मासे आठवले, आजवर कधी आठवले नव्हते तेही, आणि ते आठवावेत ह्याचंच त्याला जास्त दुःख झालं. एका माशासाठी ह्यानं वर्षभर मनात धरलं. पण बोलून दाखवलं तर आपणही असे मासे मोजणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसू, म्हणून त्यानं ते आतच ठेवलं.

"मुंडकं कशाला आणलंस मग?" शेवटी त्यानं विचारलं.

"तुझी पाळी हुती," आनंद म्हणाला, आणि हे म्हणताना त्याचा आवाज खरोखरच पडला. त्याला वाटत होतं, तेवढं पाळलं म्हणजे बाकीचं भरून निघेल.

विनया चहा घेऊन आली. अमजदचा कप वेगळा, बिनसाखरेचा, न सांगता. कप देताना तिची नजर दोरीवर गेली.

"ही आता कशाला आणली? फुडल्या कार्तिकाला लागंल की."

आनंदानं अमजदकडे पाहिलं. त्या नजरेत सरळ विनवणी होती. आणि अमजदनं मघाशी एकदा झाकलं होतं, तेव्हा आताही झाकेल, असा भरवसाही होता. तो भरवसाच अमजदला सहन झाला नाही. ही बाई त्याच्या नावावर निर्धास्त झोपली होती. परत पुढच्या कार्तिकातही झोपेल. कातळावर लाट आली असती, तर तिनं जाब त्याला विचारला असता आणि त्याला तर ठाऊकही नसतं.

त्यानं दोरी तिच्या हातात दिली.

"वहिनी, मी समुद्रावर गेलोच नव्हतो," तो म्हणाला. "मला सांगितलं हुतं, तुमी आजारी हायसा. वहिदानं रोजा धरला तुमच्यासाठी."

विनयानं नवऱ्याकडे बघितलं, मग दोरीकडे, आणि दोरीचं एक टोक हातानं चाचपत राहिली. आनंद मास्तर मान खाली घालून बसले होते. अमजदनं चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, कारण तो तिनं त्याच्यासाठी वेगळा केला होता. कप जपून कठड्यावर ठेवला, गळाच्या शेजारी. मग कठड्याला धरून उठायला लागला. आनंद सवयीनं पुढं झाला, त्याच्या काखेत हात घालायला.

"ऱ्हाऊ दे," अमजद म्हणाला. "तू पाण्याकडं बघ."

आणि एकेक पायरी धरत तो खाली उतरला.