शिक्का न बसलेला कागद

मी एक जुना कागद आहे, मित्रांनो, आणि फाटकाही आहे. कधीकाळी मी पदवीचं प्रमाणपत्र होतो. माझी गोष्ट सांगताना मला लाज वाटते. पण तुम्हीही कधी ना कधी कागद सांभाळाल, माणसं सांभाळाल, म्हणून सांगतो.

विद्यापीठाच्या छापखान्यात मी जन्मलो. अंग जाड, कडेला वेलबुट्टी, मधोमध एका मुलीचं नाव, खाली निळ्या शाईतली सही आणि सहीवर गोल मोहोर. त्या मुलीनं इंग्रजी शिकवण्याची पदवी पहिल्या वर्गात मिळवली होती. घरी तिला ठमी म्हणत. मीही तेच म्हणतो. मला छातीशी धरून ती घरी न जाता थेट वडिलांच्या दुकानात गेली.

वडिलांचं झेरॉक्सचं आणि लॅमिनेशनचं दुकान होतं. त्यांनी आधी हात धुतले, मग पुसले, मग पुन्हा पुसले. मला दोन प्लॅस्टिकच्या मधे ठेवून गरम रुळांतून इतक्या हळू सोडलं की एक बुडबुडा राहिला नाही.

"ठमे, आता पाण्यात बुडव नाहीतर वर चहा सांड," ते म्हणाले, "याच्या केसालाही धक्का लागायचा नाही. सात पिढ्या टिकेल."

"बाबा, माझी एकच पिढी पुरे आहे," ठमी हसली.

दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते मला दाखवत. "लेकीचं आहे, आणि लॅमिनेशन माझं," असं म्हणत. मी फुगून गेलो. ठमीच्या फाइलमध्ये माझ्याबरोबर चार गुणपत्रिका होत्या. बिचाऱ्या घड्या पडलेल्या, एकीवर कपाचा गोल डाग. मी त्यांच्याशी बोलतही नसे. प्लॅस्टिकमधून बोलणं ऐकू तरी कुठे जातं म्हणा.

ठमी सहा वर्षं शाळेत शिकवत होती. मग लग्न झालं, चिमणी झाली. चिमणी तीन वर्षांची असताना नवऱ्याला दुसऱ्या देशात नोकरी लागली. तिघांनी सामान बांधलं. मी हातातल्या बॅगेत, सगळ्यांत वर होतो.

तिथं नवऱ्याला टेबल होतं, खुर्ची होती, ओळखपत्र होतं. ठमीच्या ओळखपत्रावर लिहिलं होतं, ‘सोबत आलेली पत्नी’. ते वाचून ती म्हणाली, "सामानासोबत आणखी एक नग." नवरा हसला नाही. चांगला माणूस होता तो.

ती शाळा शाळा फिरली. चिमणीला पाळणाघरात सोडायचं, दोन बस बदलायच्या, आणि कुठल्या तरी ऑफिसच्या खुर्चीत मला मांडीवर घेऊन बसायचं. एका शाळेत विचारलं, "इंग्रजी तुमची मातृभाषा आहे का?" दुसरीत विचारलं, "नवऱ्याची बदली झाली तर?" तिसरीत नुसतं हसून दार उघडून धरलं. पाचव्या शाळेतून परतताना ती बसमध्ये मला न्याहाळत बसली. माझ्यात काही कमी आहे का, हे बघत असावी.

सहाव्या शाळेच्या मुख्याध्यापिकेनं मात्र तिला एक तास घ्यायला लावला. ठमीनं एक वाटी आणि एक चमचा काढला. चमचा वाटीत, वाटीखाली, वाटीमागे, शेवटी स्वतःच्या डोक्यावर. मुलं खिदळत, चमचा कुठे आहे ते इंग्रजीत ओरडून सांगू लागली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "वर्ग तुमचा. पंधरा तारखेच्या आत मूळ प्रमाणपत्रावर तुमच्या वकिलातीचा शिक्का तेवढा आणा."

नऊ दिवस हातात होते. दुसऱ्याच सकाळी आम्ही वकिलातीच्या खिडकीशी उभे राहिलो.

कारकुनानं गुणपत्रिका घेतल्या. ठप, ठप, ठप, ठप. चौघींच्याही पाठीवर शिक्का बसला, डागवालीच्यासुद्धा. मग त्यानं मला उचललं आणि अंगठ्यानं माझी गुळगुळीत पाठ चोळली.

"मॅडम, शिक्का कागदावर मारतात, प्लॅस्टिकवर नाही. शाई धरत नाही. विद्यापीठातून दुसरी प्रत मागवा."

"किती दिवस लागतील?"

"दोन महिने. कधी तीन. हे केलं कुणी हो?"

"वडिलांनी."

"मायेनं केलं असणार," तो मला परत देत म्हणाला. "रोज चार तरी असे मायेचे कागद येतात."

त्या क्षणी मला पहिल्यांदा माझ्या चकाकीची लाज वाटली. ज्यांना मी तुच्छ मानलं त्या फाइलमध्ये शिक्के मिरवत बसल्या होत्या. पण एकही मला टोचून बोलली नाही. तेच जास्त लागलं.

नवरा फोनवर म्हणाला, "तू हात लावू नकोस. कुणा जाणत्याला विचारू." पण त्याच दुपारी चिमणी झोपल्यावर ठमीनं मला टेबलावर ठेवलं, वर रुमाल घातला आणि इस्त्री फिरवली. प्लॅस्टिक मऊ झालं. एक कोपरा सुटला, तसा तिला धीर आला. तिनं ओढलं. मित्रांनो, प्लॅस्टिक निघालं, पण सही, मोहोर आणि तिच्या नावाची तीन अक्षरं घेऊन निघालं. माझ्या पोटात भोक पडलं.

मग तिनं इस्त्री कपाटात ठेवली, रुमाल धुऊन टाकला आणि वडिलांना फोन लावला.

"बाबा, तुमच्या प्लॅस्टिकनं माझा कागद खाल्ला. त्याच्यावर शिक्का बसेना, आणि मग ते आपोआप सुटलं ते सही घेऊन गेलं. नोकरी गेली माझी."

पलीकडे यंत्राची घरघर ऐकू येत होती. ती थांबली.

"आपोआप सुटलं?" वडिलांनी विचारलं.

"हो."

"बरं. बघतो हं, बाळ."

नवऱ्यालाही तिनं हेच सांगितलं. खरं काय ते मला एकट्याला ठाऊक होतं, आणि कागदाला तोंड कुठे असतं? पंधरा तारीख गेली. वर्ग दुसऱ्या कुणाला मिळाला. पुढच्या सत्रात बघू, असं मुख्याध्यापिकेनं कळवलं. ठमी मला तळाच्या खणात टाकून विसरू पाहत होती, पण खण उघडला की नजर चुकवायची. मीही.

तीन आठवड्यांनी आईचा व्हिडिओ कॉल आला. ती दुकानातूनच बोलत होती. "तुझ्या बाबांचं नवीन खूळ बघ," म्हणत तिनं फोन फिरवला. काउंटरवर पाटी होती: ‘प्रमाणपत्रांचं लॅमिनेशन करून मिळणार नाही.’

"गिऱ्हाईक विचारतं, काका, मशीन बंद आहे का? तर हे म्हणतात, मशीन चालूच होतं, डोकं बंद होतं. जुनी गिऱ्हाइकं भाजीच्या गाडीशी दिसली तरी हे त्यांची माफी मागतात. परवा एक डॉक्टर भेंडी निवडत होता, त्याचीही मागितली! आणि तुझ्या दुसऱ्या प्रतीसाठी पाच वेळा विद्यापीठात जाऊन आले. सांगू नको म्हणालेत."

मागे वडील पाठमोरे उभे होते. कागदांची गड्डी उगाच सारखी करत होते.

ठमीनं खण उघडला. मला बाहेर काढून कॅमेऱ्यासमोर धरलं. 

"बाबा, इकडे बघा. हा आपोआप सुटला नव्हता. मी इस्त्री फिरवली. मी फाडला. मी खोटं बोलले."

आईनं तोंडावर हात ठेवला. वडील जवळ आले, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी माझं भोक नीट पाहिलं.

"इस्त्री कितीवर ठेवली होतीस?"

"सुती कपड्यांच्या आकड्यावर."

"अगं वेडे! रेशमाच्या ठेवायची. इतकी वर्षं दुकानात बसलीस, काय शिकलीस?" मग त्यांचा आवाज खाली आला. "फाडलास तू. पण शिक्का बसला नाही तो माझ्यामुळेच. तेवढं माझं मला राहू दे. पाटी काही मी काढणार नाही."

ठमी रडत होती आणि हसतही होती. मला वाटतं, त्या दिवशी पाच जणांना लाज वाटली: तिला, तिच्या वडिलांना, सांगू नको म्हटलेलं सांगून बसलेल्या आईला, दारात उभं राहून सगळं ऐकणाऱ्या ठमीच्या नवऱ्याला, आणि मला.

दुसरी प्रत आली ती दोन पुठ्ठ्यांच्या मधे. सोबत वडिलांच्या अक्षरात चिठ्ठी होती: ‘हिला काहीही करू नकोस. नुसती ठेव.’ तिच्या पाठीवर पहिल्याच फटक्यात शिक्का बसला. पुढच्या सत्रात ठमी वाटी आणि चमचा घेऊन त्या शाळेत रुजू झाली.

मी आता साध्या लिफाफ्यात असतो. परवा चिमणीनं मला ओढून काढलं आणि भोकातून डोळा लावून पाहिलं. "आई, याला काय झालं?"

"मी फाडलं," ठमी म्हणाली. तिचे कान लाल झाले. पण या वेळी तिनं नजर चुकवली नाही.

मित्रांनो, आवडती वस्तू जरूर जपा, पण तिचा श्वास कोंडेल इतकी नका जपू. आणि हातून काही फाटलंच, तर चिकटवायची घाई करू नका. आधी कुणी फाडलं ते सांगा.