रुनूशेजारची जागा

नेत्राच्या बोटांवर कोड उठलं आणि काजूच्या कारखान्यातल्या बायकांनी तिच्याबरोबर जेवायचं सोडलं. भांडण कुणी केलं नाही. सावित्रीबाय फक्त म्हणाली, "तू जरा पलीकडं बस गो. आमच्या घरात पोरंबाळं आहेत." गर सोलणाऱ्यांत सावित्रीबाय सगळ्यात जुनी. तिचा शब्द सगळ्या मानायच्या.

हे कुणाला लागत नाही, असं रत्नागिरीतल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. नेत्राने ते बायकांना सांगूनही पाहिलं. मग तिने बोलणंच कमी केलं, कोपऱ्यात एकटीच जेवू लागली. नवरा मुंबईला. फोनवर त्याला ती "बरं चाललंय" म्हणायची. सकाळी कामावर जाताना वाडीतल्या देवीसमोर थांबायची. "आई, हात बरे कर. नाहीतर ह्या बायकांचं मन तरी वळव."

पावसाच्या तोंडावर आसामहून रुनू कामाला आली. तिला मराठी येत नव्हतं. बायका तिच्या बोलण्याची नक्कल करायच्या. एकदा तिने निवडलेल्या अख्ख्या गरांत कुणीतरी तुकडे मिसळले. मुकादमाने सगळ्यांदेखत तिला झापलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

त्याच दुपारी सावित्रीबायने हाक मारली, "नेत्रा, ये गो इकडं. जागा आहे."

बायका सरकल्या. नेत्राला भरून आलं. देवीने ऐकलं! डबा उचलून ती निघाली, तोच कुणीतरी म्हणालं, "तुझा कोपरा आता तिला."

रुनू त्या कोपऱ्यात येऊन भिंतीकडे तोंड करून जेवायला बसली होती.

नेत्रा वळली आणि तिच्याशेजारी जाऊन बसली.

"दीदी, आपको उधर बुलाया," रुनू हळूच म्हणाली.

"हां. इधर ठीक है."

नेत्राने तिला अर्धी भाकरी दिली. ती घेताना रुनूने तिच्या पांढऱ्या बोटांकडे पाहिलं.

"दुखता है?"

इतक्या महिन्यांत हे कुणीच विचारलं नव्हतं. नेत्राने मानेनेच नाही म्हटलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

त्या संध्याकाळी देवीसमोर तिला काही मागायचं सुचलं नाही. रुनूचं नाव तेवढं सांगून ती घरी आली.

गणपतीआधी रुनू भावाबरोबर गोव्याला गेली. सावित्रीबायने नेत्राला पुन्हा बोलावलं नाही. नेत्रा आता एकटीच जेवते. कधीमधी रुनूचा फोन येतो. दोघींचीही हिंदी मोडकी. "खाना खाया?" एवढं विचारून झालं, की दोघी नुसत्याच फोन कानाला धरून बसतात.