पन्नाशीवरच्या बायकांचा कप

धाकट्या दिराने दुसरं लग्न केलं, त्या वर्षाची ही गोष्ट. लग्न जूनमध्ये झालं आणि एकवीस किलोमीटरची शर्यत जानेवारीत होती, म्हणजे नवी जाऊ घरात येऊन सात महिने झाले होते.

दीर पळणाऱ्यांच्या एका मंडळाचा म्होरक्या. सगळे त्याला कप्तान म्हणत. तो भावजयीला वहिनी म्हणे, म्हणून मंडळातले साठ-सत्तर लोकही तिला वहिनीच म्हणत. त्यात तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असे दोन निवृत्त मास्तरही होते. वहिनी त्रेपन्न वर्षांची. इस्पितळाच्या धुलाईखान्यात बावीस वर्षं नोकरी. वाफेच्या रुळातून गरम चादर बाहेर आली की दोघींनी दोन टोकं धरायची, दोन झटके द्यायचे, घडी. दिवसाला सहाशे चादरी. हातापायांनी माणूस मजबूत, पण पळायला मंद. पाच वर्षं पळत होती आणि तिची सर्वांत चांगली वेळ होती दोन तास एक्केचाळीस मिनिटं. कोणी विचारलं तर सांगायची, "दोन एक्केचाळीस. आमच्याकडे कासवाला ससा म्हणतात." पण मनातून त्या आकड्याचा तिला अभिमान होता. घरात तिच्या प्रत्येक गोष्टीला वाटेकरी होते. त्या एक्केचाळीस मिनिटांत कोणाचा वाटा नव्हता.

शर्यतीला दहा दिवस असताना ओल्या चादरींची गाडी दाराच्या पट्टीत अडकली. वहिनीने जोर लावला आणि पोटरीत कट्‌कन काहीतरी तुटल्यासारखं झालं. डॉक्टरांनी तीन आठवडे पळायचं नाही म्हणून सांगितलं.

कप्तान त्याच संध्याकाळी आला. मंडळा-मंडळांतही स्पर्धा असायची: प्रत्येकी पाच जण, त्यांतली एक पन्नाशीवरची बाई हवीच, आणि पाचांच्या वेळेची बेरीज. मंडळात पन्नाशीवरची पळणारी बाई एकच, ती म्हणजे वहिनी.

"तुमचा नंबर हिला द्या," कप्तान म्हणाला आणि नव्या बायकोकडे बोट केलं. "हिची नावनोंदणी राहून गेली. नंबर छातीवर लावेल, सावकाश पळेल, तुमच्याच वेळेत येईल. पाच पुरे होतील."

"चालतं का असं?"

"सगळेच करतात, वहिनी. पळणं होणार नसलं की नंबर दुसऱ्याला जातो. वाया कशाला घालवायचा?"

हे खरं होतं. मंडळात असे नंबर नेहमीच इकडून तिकडे जात. कोणाला ताप आला, कोणाचं तिकीट निघालं, की गटात निरोप पडायचा आणि दहा मिनिटांत नंबराला धनी मिळायचा. वहिनीने फार विचार केला नाही. पिशवीतून तो कागद काढला आणि जावेच्या हातात दिला. त्याच्या पाठीमागे वेळ मोजायची चिप चिकटवलेली होती. "घे बाई. पण हळू पळ हं. माझं नाव आहे त्यावर."

"तुमच्या मागेमागे चालल्यासारखीच पळते, ताई," जाऊ म्हणाली. ती एकोणतीस वर्षांची होती. दोघी हसल्या.

रविवारी दुपारी वहिनी पाय उशीवर ठेवून बसली होती. नवरा खिडकीची बिजागरी दुरुस्त करत होता. कप्तान आत आला तो हातभर उंचीचा कप घेऊनच. मागून जाऊ आली. तिची मान खाली होती.

"घ्या वहिनी. पन्नाशीवरच्या बायकांत पहिल्या आलात."

वहिनीला आधी थट्टाच वाटली. मग कपावरची पट्टी वाचली. "किती वेळ?"

"दोन नऊ," जाऊ पुटपुटली. "ताई, दहा किलोमीटरपर्यंत मी खरंच हळू होते. मग पुढे रस्ता मोकळा मिळाला. पाय ऐकेचनात."

"आणि बक्षीस घ्यायला कोण गेलं? तू?"

"ही कशी जाईल? पन्नाशीची दिसते का?" कप्तान हसला. "मी गेलो. म्हटलं, वहिनींचा पाय दुखावलाय, गाडीत बसल्यात. मंडळही पहिलं आलं. हा बघा फोटो."

फोटोत तीन पायऱ्या होत्या. मधल्या उंच पायरीवर कप्तान उभा, दोन्ही हात वर. त्याच्या डावीकडच्या पायरीवर एक वाळकी, उंच, पिकल्या केसांची बाई. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती, कप्तानकडे बघत होती.

त्या बाईला वहिनी ओळखत होती. सगळेच ओळखत. पोस्टातल्या बाई. छत्तीस वर्षं पत्रं वेगळी करून निवृत्त झालेल्या, वय चौसष्ट. दर वर्षी कधी चौथ्या, कधी तिसऱ्या, दोनदा दुसऱ्या. दर वर्षी शर्यत संपली की त्या पायऱ्यांपाशी थांबत आणि पहिली आलेली बाई उतरेपर्यंत हलत नसत. या वर्षी नेहमी पहिली येणारी बाई परगावी राहायला गेली होती, आणि हे पोस्टातल्या बाईंनाही ठाऊक होतं.

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"भाऊजी, हा कप आत्ताच्या आत्ता परत करा."

"कोणाला? कशाला? नाव तुमचंच आहे की कपावर."

"नाव माझं, पाय हिचे आणि पायरीवर तुम्ही. तिघांत मिळून एक धड माणूस नाही आपल्यात."

"वहिनी, उगीच नाकाने कांदे सोलू नका. नंबर तुम्हीच दिलात ना? स्वतःच्या हाताने?"

हे मात्र तिला लागलं. नवऱ्याने स्क्रू फिरवता फिरवता वर पाहिलं. "तो खोटं बोलत नाहीये," तो म्हणाला.

"मी कुठे म्हणतेय, खोटं बोलतोय म्हणून?" वहिनी त्याच्यावर उखडली. "म्हणूनच तर जास्त राग येतोय."

सोमवारी धुलाईखान्यात सूचनाफलकावर तिचं नाव होतं. मुकादमबाईंनी स्वतः लिहिलं होतं, लाल शाईने. चहाच्या सुट्टीत बायकांनी टाळ्या वाजवल्या. समोर चादर धरणारी तिची सोबतीण वीस वर्षांपासूनची. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. चादरीचं टोक पकडून ती हळूच म्हणाली, "शनिवारी तुला जिना उतरताना मी धरलं होतं. रविवारी एकवीस किलोमीटर?"

"मी नाही पळाले."

"मग?"

"जाऊ पळाली. माझ्या नंबरावर."

सोबतिणीने दोन झटके दिले, घडी घातली, पुढची चादर उचलली. मग म्हणाली, "तू तरी असं करणार नाहीस असं वाटायचं मला."

दिवसभर वहिनी रागाने चादरी झटकत होती. आपल्यावर राग, कप्तानवर राग, आणि ऐकत नाहीत त्या एकोणतीस वर्षांच्या पायांवरही. सुट्टी झाल्यावर तिने फलकापाशी जाऊन तळहाताने लाल शाई पुसली. हात लाल झाला तो दोन दिवस तसाच राहिला.

बुधवारी कप पिशवीत घालून, लंगडत ती पोस्टातल्या बाईंच्या घरी गेली. तिसरा मजला. बाईंनी दार उघडलं आणि आत या म्हणाल्या नाहीत. दारातच सगळं ऐकून घेतलं.

"पंधराव्या किलोमीटरला ती मला मागून गाठून पुढे गेली," बाई म्हणाल्या. "मी नंबर वाचला. नंबराचा रंग आपलाच, पन्नाशीवरचा. म्हटलं, ही पन्नाशीची? मग म्हटलं, माझेच डोळे गेले असतील. लागले तिच्या मागे. दोन किलोमीटर. दम तुटला, पोटात कळ आली. शेवटचे चार किलोमीटर कसे काढले ते माझं मला ठाऊक."

"चुकलं आमचं. हा कप तुमचा आहे."

बाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं. "आणि पायरी? ती आणलीस का पिशवीतून?"

वहिनीने पिशवी आणखी पुढे केली.

"अगं, कप मला बाजारात मिळतो. नाव घालून देतात. बारा वर्षं मी त्या पायरीवर एक मिनिट उभं राहायला पळतेय. हसायचं तर हास. मुलं हसतात माझी. तिथे तुझा तो दीर हात वर करून उभा होता. ने तो कप."

"मी आयोजकांना लेखी देते."

"दे. त्याचे परिणाम माहीत आहेत ना?"

"नाहीत."

"मग वाच आधी. आणि मग दे. न वाचता दिलंस तर उद्या म्हणशील, बाईंनी फसवलं."

दार बंद झालं. वहिनी तीन मजले कठड्याला धरून उतरली. एवढा अपमान तिने बऱ्याच वर्षांत सोसला नव्हता. शिवाय बाईंचं म्हणणं खरं होतं, म्हणून कोणावर चिडावं तेही कळेना.

नियम तिने वाचले. आपला नंबर दुसऱ्याला देणारा आणि घेणारा, दोघांनाही दोन वर्षं बंदी. मंडळाचा निकाल रद्द. तिने पत्र लिहिलं ते पाच ओळींचं. त्यात पोटरीचा उल्लेख नव्हता, कप्तानचा नव्हता. नंबर मी दिला, जाऊ पळाली, दोन नऊ ही वेळ माझी नाही, पहिल्या बाई पोस्टातल्या, त्यांना पहिल्या पायरीवर उभं करा. पाठवण्याआधी तिने ते जावेला वाचायला दिलं, कारण बंदी तिलाही लागणार होती.

जावेने दोनदा वाचलं. "मला मे महिन्यात पळायचं होतं, ताई. माझ्या नावावर, पहिल्यांदाच."

"माहीत आहे."

"तुम्ही मला हळू पळ म्हणाला होतात," जाऊ म्हणाली. तिने कागद परत दिला. "पाठवा. यांना मात्र मी सांगणार नाही. तुम्हीच सांगा."

कप्तानला आयोजकांकडूनच कळलं. तो आला तेव्हा त्याचा आवाज जिन्यापासून ऐकू येत होता. पंधरा वर्षं उभं केलेलं मंडळ, लोक काय म्हणतील, घरातलीच माणसं घर जाळायला निघाली. वहिनीने त्याला पुरतं बोलू दिलं.

"झालं?" ती म्हणाली. "आता माझं ऐका. तुम्ही पायरीवर चढलात तेव्हा शेजारी ती बाई उभी होती. तिच्याकडे एकदा तरी पाहिलंत?"

"मी कशाला पाहू?"

"तेच म्हणतेय मी."

त्यानंतर तो वर्षभर मोठ्या भावाच्या घरी आला नाही. मंडळाने वहिनीला गटातून काढलं. दोन निवृत्त मास्तर तेवढे रस्त्यात भेटले की थांबत, आणि तेही इकडेतिकडे बघून.

आयोजकांनी निकाल दुरुस्त केला. पोस्टातल्या बाईंना टपालाने प्रमाणपत्र गेलं. कप आयोजकांनी वहिनीकडून परत मागवून घेतला आणि तोही खोक्यातून बाईंकडे पाठवला. प्रकरण मिटलं, असं त्यांचं म्हणणं होतं. वहिनीचं नव्हतं. ती आयोजकांच्या कचेरीत गेली. तिथला कारकून गळ्यात शिट्टी अडकवून टेबलाशी बसायचा. तो म्हणाला, "बाई, तुमच्यावर बंदी आहे."

"पळण्यावर आहे. बोलण्यावर नाही. पायरीचं काय?"

"कार्यक्रम संपला. पायऱ्या भाड्याच्या असतात."

ती परत गेली. चार वेळा गेली. चौथ्या वेळी कारकुनाने वैतागून लिहून दिलं: पुढच्या शर्यतीच्या दिवशी, सुरुवातीआधी, मागच्या वर्षीच्या विजेत्या म्हणून सत्कार. खाली निकाल का बदलला तेही, नावांसकट.

बाईंना हे कळवलं तेव्हा त्या फोनवर म्हणाल्या, "वरातीमागून घोडं." पण येणार नाही असं म्हणाल्या नाहीत.

पुढच्या जानेवारीत सकाळी सव्वापाचला, अजून उजाडायचं असताना, मैदानात दोघी उभ्या होत्या. कारकुनाने घाईघाईत बाईंना पायरीवर चढवलं. समोर दोरखंड बांधणारे दोघे, पाण्याच्या बाटल्यांची खोकी आणि वहिनी. कारकुनाने कर्ण्याशिवायच नाव वाचलं, फोटो काढला आणि म्हणाला, "झालं, उतरा."

बाई उतरू लागल्या. "एवढ्यासाठी मला चारला उठवलंस?" त्या वहिनीला म्हणाल्या.

"उतरू नका," वहिनी म्हणाली.

"अहो, गर्दी व्हायला लागेल आता," कारकून म्हणाला.

"तेवढ्यासाठीच. कागदावर सुरुवातीआधी लिहिलंय. सुरुवात सहाला आहे. मी पळणार नाहीये, मला वेळच वेळ आहे."

आणि ती पायरीच्या समोर, हाताची घडी घालून उभी राहिली. बाई वर, ही खाली. अर्धा तास. थंडी कडाक्याची होती. वहिनीने आपला कोट काढून वर दिला, तो बाईंनी अंगावर चढवला. माणसं जमली. हजारभर जमली. पुढच्याच रांगेत मंडळाचे निळे सदरे होते आणि त्यांच्यात कप्तान. पावणेसहाला कर्णेवाला आला तेव्हा वहिनी त्याच्याकडे गेली आणि कारकुनाचा कागद त्याच्या नाकासमोर धरला.

"वाच. मोठ्याने. सगळं वाच, नंबर कोणाचा होता तेही."

त्याने कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने मान फिरवली. मग त्याने वाचलं. वहिनीचं नावही वाचलं, जावेचंही. टाळ्या आधी तुरळक पडल्या, मग वाढत गेल्या. कप्तान खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता, ती बांधून संपेचना. बाईंनी हात वर केले नाहीत. ताठ उभ्या राहिल्या, टाळ्या थांबेपर्यंत.

उतरल्यावर कोट परत देताना त्या म्हणाल्या, "झालं तुझं समाधान?"

"नाही."

"माझंही नाही. मागच्या वर्षीच्या घामावर उभं राहायला हवं होतं मला, या वर्षीच्या थंडीत नाही." त्यांनी छातीवरचा नंबर सरळ केला. "सर आता. माझी शर्यत सुरू होतेय."

त्या वर्षी त्यांना दोन तास एकोणीस मिनिटं लागली आणि त्या चौथ्या आल्या. वहिनी शेवटच्या वळणावर उभी होती. बाई समोरून गेल्या, बघितलं, थांबल्या नाहीत.

पोस्टातल्या बाई त्याच वर्षी एकोणीस ऑगस्टला सकाळी इस्पितळात वारल्या. त्याच दिवशीच्या घामावर पायरीवर उभं राहायचं त्यांचं राहूनच गेलं.