पडद्याचे पंख

मी एक जुना तपकिरी पडदा आहे, मित्रांनो; पण मला नुसता पडदा म्हणालात तर मला राग येईल. एका सकाळपुरता का होईना, मी पक्षीण झालो आहे.

उमेदीची वर्षं मी बैठकीच्या खिडकीत काढली. उन्हाने विटलो, कडेला फाटलो आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. ठमीला शाळेच्या नाटकात पक्षीण व्हायचं होतं, तेव्हा कुठे घराला माझी आठवण झाली.

ठमीचे बाबा सोफ्यांना कव्हरं चढवायचे. त्यांच्या धंद्यात सुरकुती म्हणजे पाप. त्याच सवयीने त्यांनी ठमीला हात खाली सोडून ताठ उभं केलं आणि मला तिच्या अंगावर ताणून बसवलं. उशीचं तोंड शेवटी शिवतात ना, तशी नाटकाच्या दिवशी सकाळी माझी पाठही तिच्या अंगावरच शिवून टाकली.

"एक तरी सुरकुती दाखव," ते आत्याला म्हणाले. मीही फुगलो. पंख उघडून बघायचं कुणालाच सुचलं नाही.

रंगमंचामागे ठमीने हात वर केले. ते खांद्यापर्यंतही जाईनात. पहिलीतली चार पिल्लं तिच्याकडे बघत उभी होती. ससाणा आला की त्यांनी तिच्या पंखांखाली लपायचं होतं. सगळं नाटक त्यावरच उभं होतं.

"बाबा, उघडत नाहीत," ठमी रडवेली झाली. "मी यांना कुठे लपवू?"

"दादा, तू पोरीला शिवलंयस की खुर्चीला?" आत्या म्हणाली.

बाबांचा चेहरा पडला. पुढचं नाटक आमचंच होतं. मला उतरवून पुन्हा शिवायला वेळ नव्हता. त्यांनी पिशवीतून कात्री काढली. आता पंचाईत अशी, की ठमीच्या काखेला नुसतं बोट लागलं तरी ती खिदळायची.

"हसू नकोस, बाळा. हलूही नकोस."

गार पातं तिच्या कातडीला घासून सरकू लागलं. ठमीने ओठ दाताखाली धरले, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला कापलं जाण्याचं काही वाटत नव्हतं. पोरीला लागेल या धास्तीने माझा जीव टांगणीला लागला होता. दोन्ही काखा मोकळ्या झाल्या, पण तिथे भगदाडं पडली. जोडायला कापड कुठलं? बाबांनी खोचलेला सदरा बाहेर ओढला आणि मागचा घेर कापला.

"अरे, नवा सदरा आहे तो!"

"असू दे. तू दोरा ओव."

शेवटच्या टाक्याला घंटा झाली. गाठ मारायलाही सवड मिळाली नाही.

ससाणा आला. पिल्लं ओरडत धावली. एक टाका जरी सुटला तरी सगळं संपलं, असं वाटून मी धागा न् धागा आवळून धरला. ठमीने हात उचलले, थेट डोक्यापर्यंत. पंखांखाली पांढरंशुभ्र कापड दिसलं आणि चारही पिल्लं त्याखाली शिरली. सगळे टाळ्या वाजवत होते. बाबा तेवढे हात मांडीवर ठेवून नुसते बघत राहिले.

चार दिवस माझं कौतुक झालं, मग पुन्हा माळा. ठमी मोठी झाली. मला कसर लागली आहे, आणि खाली माझं पायपुसणं करायचं बोलणं चाललं आहे. करा बापडे. पण मित्रांनो, जुनं कापड फाडण्याआधी जरा उलटंसुलटं करून बघत जा. माझ्या काखेत दोन पांढरे तुकडे आहेत. ते एका बापाच्या अंगावरचे आहेत. तेवढे उसवून ठमीकडे द्या.