पोटावरचे कान

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. भट्टीतून तापून निघाले, मधाने भरले आणि चाटूनपुसून रिकामी झाले. भंगारातच जायची, पण घरातल्या सूनबाईंनी मला उचललं. मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांसाठी त्या किड्यांची पात्रं रेखाटत. त्यांनी खिळ्याने माझ्या झाकणाला भोकं पाडली आणि मला टेबलावर मानाची जागा दिली.

त्यांचा नेम होता. सकाळी किडा आणायचा, दिवसभर न्याहाळून कागदावर काढायचा आणि दिवे लागायच्या आत होता तिथे सोडून यायचा. सासूबाई दारातून म्हणत, "घरात माणसांना पाय पसरायला जागा नाही, आणि पाहुणे बघा कसे ऐटीत उतरलेत!" पण सूनबाईंनी काढलेला मुंगळा खराच मुंगळा असे. त्याची घाई, त्याचा राग पायांतच दिसे. मला फार अभिमान वाटे.

मग एकदा नाकतोडा आला. भिंगातून बघता बघता सूनबाई ओरडल्या, "आई, याचे कान पोटावर आहेत, पंखाखाली!"

"बरंय की. कुणाला पिळता यायचे नाहीत."

त्यातूनच पात्र उभं राहिलं: कुणी गाऱ्हाणं सांगू लागलं की आधी पंख उचलणारा नाकतोडा. चित्र पुस्तकाच्या संपादकबाईंना गेलं आणि लगेच फोन आला.

"गोड आहे हो, पण कान डोक्यावर घ्या. मुलं गोंधळतील."

"मॅडम, खरंच तिथे असतात."

"खऱ्याला कोण विचारतंय? पापण्या द्या, बूट घाला, हसू दे त्याला. जमत नसेल तर सांगा, दुसऱ्या कुणाला देते."

सूनबाईंनी खोडरबर हातात घेतलं. मग म्हणाल्या, "करते."

पापण्या लांब झाल्या, आखूड झाल्या. बूट लाल झाले, निळे झाले. दिवे लागले, विझले, पुन्हा लागले. माझ्यातलं गवत वाळून गेलं. नाकतोडा काचेवर उड्या मारत होता, टप्, टप्. आणि हातभर अंतरावर त्याचंच चित्र दात काढत होतं. हळूहळू उड्या थांबल्या.

शेवटी एकदाची पसंती आली. "आता कसा अगदी जिवंत वाटतोय!" संपादकबाई म्हणाल्या.

सासूबाई टेबल पुसायला आल्या आणि थबकल्या. "अगं, तुझा पाहुणा गेला की."

"कोण पाहुणा?" सूनबाईंनी मान वर न करता विचारलं.

सासूबाईंनी मला नेऊन कुंडीत उपडं केलं.

आता माझ्यात ब्रश असतात. किड्यांची गरजच उरली नाही. तोच हसरा चेहरा, वर पंख बदलले की झालं फुलपाखरू.

मित्रांनो, ते पुस्तक खूप खपलं, कदाचित तुमच्याकडेही असेल. बूटवाला नाकतोडा आवडत असेल तर आवडू दे. पण कधी खरा धरलात, तर त्याच्याकडे पाठ करून बसू नका. पाहून झालं की झाकण उघडा. आतल्याला ते उघडता येत नाही. मलाही येत नाही.