तलावकाठची राखण

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझं झाकण अर्ध्यावर अडकतं, बॅटरी काढून टाकलेली आहे आणि कळफलकावरची चार बटणं गळून गेली आहेत. तरीही गेली सहा वर्षं मी कामावर आहे. गोरेगावात, बाजाराच्या मागच्या गल्लीत, रीता मॅडमच्या घरी तांदळाच्या कोठीवर माझी जागा आहे.

माझी सुरुवात गोंदियातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये झाली. तिथे मुलं माझ्यावर टायपिंग शिकली. माझ्यावर सराव करून एक मुलगी तालुक्यात पहिली आली, तेव्हा क्लासच्या सरांनी तिला माझ्या शेजारी उभं करून तिचा फोटो काढला. पुढे नवे लॅपटॉप आले. मला पोत्यात घालून माळ्यावर टाकलं. दोन पावसाळे मी तिथे होतो. मग रीता मॅडमनी मला भंगाराच्या भावात घेतलं. त्या इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक आहेत. परीक्षानळ्या धुण्याच्या ब्रशने त्यांनी माझ्या पंख्यातली धूळ काढली. मी चालू झालो तेव्हा त्या फक्त "बरं" म्हणाल्या.

त्यांनी माझ्यात 'तलावकाठ' वसवलं. ते काय आहे, ते सांगतो. मोठ्या कंपन्यांच्या ॲपवर सगळ्यांचं लिहिणं कंपनीच्या यंत्रात साठतं, आणि काय ठेवायचं, काय पुसायचं ते कंपनी ठरवते. तलावकाठचं तसं नाही. गोरेगावच्या लोकांचं लिहिणं माझ्याकडे राहतं. अर्जुनी मोरगावला एक वेगळं यंत्र आहे, दरेकस्याला एक आहे, आणखी काही गावांत आहेत. आम्ही एकमेकांना नकला पाठवतो. आपल्याकडे एका ओळीत तलाव असतात ना, वरचा भरला की त्याचं पाणी खालच्यात उतरतं, तसंच. प्रत्येक तलाव आपापल्या गावाचा, पण पाणी सगळ्यांत फिरतं. लोक लिहितात: तलावात किती पाणी उरलं, कोणत्या धानावर कीड पडली, सकाळची एसटी आली की नाही.

याला मालक नाही. मालक नाही म्हटल्यावर राखण कोणी करायची, हा प्रश्न उरतो. गोरेगावची राखण रीता मॅडमकडे आली, कारण यंत्र त्यांच्या घरी होतं.

राखण म्हणजे तक्रारी वाचणं. कोणी कोणाला शिवी दिली, कोणी कोणाच्या मुलीचा फोटो विचारल्याशिवाय टाकला, कोणी खोटी जाहिरात चिकटवली, की माझ्या पडद्यावर तांबडा ठिपका येतो. मॅडम तो उघडतात, वाचतात, आणि ठेवायचं की काढायचं ते ठरवतात. पहिल्या वर्षी एका अपघाताचा फोटो आला होता. तो पाहून त्या उठल्या, अंगणात गेल्या आणि बराच वेळ परत आल्या नाहीत. यंदा तसाच एक आला. त्यांनी डाव्या हातात पोळीचा तुकडा धरून उजव्या हाताने तो फोटो झाकला आणि जेवण पुढे चालू ठेवलं. पहिल्यांदा किती वेळ लागला आणि आता किती लागतो, याची नोंद माझ्याकडे आहे. तेव्हा चाळीस मिनिटं, आता तीन सेकंद. त्या तीन सेकंदांत त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

तलावकाठ सुरू झालं त्या पहिल्या बैठकीत लोकांनी एक नियम केला होता. इथल्या तलावांवर पाणी सोडायच्या दाराजवळ एक भिंत असते. कोणाच्या शेताला कधी पाणी, ते तिच्यावर खडूने लिहितात. दुसऱ्याचं नाव त्याला बोलावल्याशिवाय कोणी पुसत नाही. पुसलं तर ते भांडण पिढीभर चालतं. म्हणून लोक म्हणाले, इथंही तसंच. लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय त्याचं लिहिणं पुसायचं नाही, झाकायचंही नाही; फक्त फोटो राखणदाराने लगेच झाकले तरी चालतील. सगळ्यांना ते न्यायाचं वाटलं. मलाही चुकीचं वाटलं नाही. भिंत एका जागी असते आणि मी नकला पाठवतो, हा फरक त्या दिवशी कोणाच्या लक्षात आला नाही.

भाद्रपदात पाच दिवस आभाळ उघडलं नाही. सहाव्या दिवशी पहाटे गावाबाहेरच्या तलावात मासे उलटे होऊन वर आले. लक्ष्मीचंद पटले म्हशी घेऊन गेले होते, त्यांना ते दिसले. त्यांनी तिथूनच फोनवर लिहिलं: "तलावात जहर टाकले आहे. मच्छीमार लोकांचेच काम. या तलावाची मासोळी कोणी घेऊ नये." खाली मेलेल्या माशांचा फोटो. हे लिहिलं पाच वाजून बावन्न मिनिटांनी. सहाच्या आत मी त्याच्या नकला सगळ्या गावांना पाठवल्या होत्या. ते माझं कामच आहे.

लक्ष्मीचंद वाईट माणूस नाहीत. त्यांना खरंच तसं वाटलं होतं.

त्या तलावाची मासोळी गोरेगावच्या आठवडी बाजारात एकच बाई विकते. अनुसयाबाई. लक्ष्मीचंदांनी नाव लिहिलं नव्हतं, पण त्याची गरजही नव्हती.

मॅडम त्याच सकाळी कॉलेजच्या बाटल्या घेऊन तलावावर गेल्या. पाण्यात विरघळलेली हवा, म्हणजे प्राणवायू, मोजायची एक रीत आहे. बाटलीत दोन औषधं घालतात. हवा असेल तर साका तपकिरी बसतो, नसेल तर पांढरा. त्या दिवशीचा साका पांढरा होता. ऊन नसलं की पाण्यातली शेवाळं हवा तयार करत नाहीत, पण रात्री वापरतात. मासे गुदमरले होते. विष नव्हतं. मॅडमनी हे सगळं आकड्यांसह लिहून टाकलं. ते अकरा जणांनी वाचलं. लक्ष्मीचंदांचं तोवर सहाशे चाळीस जणांनी वाचलं होतं.

मग त्यांनी लक्ष्मीचंदांना फोन लावला. फोन त्यांच्या बायकोने, चंद्रावतीबाईंनी उचलला.

"ते तं बालाघाटले गेले, बहिणीकडं. फोन इथंच चार्जिंगले लावून गेले. सकायपासून वाजूनच राह्यला, मी कंटाळली."

"कधी येतील?"

"परवा म्हणाले. त्याइचं परवा म्हणजे परवा नसते."

"बहिणीचा नंबर आहे?"

"तो याच फोनात असंल. मले काढता येत नाही, बाई."

मॅडमनी लक्ष्मीचंद येईपर्यंत थांबायचं ठरवलं. नियम त्यांनीच मराठीत टाइप केला होता. तक्रारींचे ठिपके वाढत गेले, आणि प्रत्येक ठिपक्याबरोबर तेच वाक्य पुन्हा उघडत होतं. मेलेले मासे, जहर, घेऊ नये. दोन दिवसांत मॅडमनी ते दोनशे चौदा वेळा उघडलं. मी मोजत होतो, कारण मोजण्याचा काही त्रास मला होत नाही.

बाजाराच्या दिवशी दुपारी अनुसयाबाई आमच्या घरी आल्या. टोपली डोक्यावरच होती.

"मॅडम, थे मशीन हेच का वो?"

"हो."

"एवढुसं?" त्यांनी मला खालीवर पाहिलं. "मले वाटलं, मोठं असंल."

मॅडमनी त्यांना पाणी दिलं. त्या बसल्या नाहीत.

"मी जिती मासोळी आणली, मॅडम. टोपलीत उड्या मारून राह्यली होती. लोक येत, पाहात आनि म्हणत, कोनत्या तलावाची? मी खोटं कायले बोलू? सांगितलं का चालले. भरली टोपली नेली, भरलीच घेऊन आली."

"मी पाणी तपासलं. विष नाही. ते लिहिलंय मी."

"तुमचं लिहलं राहू द्या. त्याचं काऊन नाही पुसत?"

मॅडमनी नियम सांगितला. अनुसयाबाईंनी तो पूर्ण ऐकला.

"म्हणजे त्याले विचारायचं," त्या म्हणाल्या. "आनि लिहताना त्यानं मले विचारलं होतं का?"

मॅडमनी नियम पडद्यावर उघडून पुन्हा वाचला.

चौथ्या दिवशी लक्ष्मीचंद आले. मॅडमनी त्यांच्यापुढे बाटली ठेवली.

"पांढरं हाय ना? मंग जहरच," ते म्हणाले.

"पांढरं म्हणजे हवा नाही, भाऊ. मासे गुदमरले."

त्यांनी बाटली उचलून उजेडात धरली. "मी गावाच्या भल्यासाठीच टाकलं, मॅडम. पुसलं का लोक म्हणतील, पटले झूठ बोलला."

"मग तुम्हीच लिहा, चूक झाली म्हणून. ते मी सगळ्यांत वर ठेवते."

"लिहतो. पण आधी चहा सांगा." चहा झाला. त्यांनी एक ओळ लिहिली आणि मॅडमनी जुनी पुसली.

पुसल्यावर मी सगळ्या गावांच्या यंत्रांना चिठ्ठी पाठवली: ही नोंद काढून टाका. सगळीकडून होकार आला. दरेकस्याहून आला नाही. तिथे डोंगरात वादळाने तारा पडल्या होत्या. मी तासाने पुन्हा पाठवली, मग चार तासांनी, मग बारा. दोन दिवसांनी मी ती चिठ्ठी टाकून दिली. माझ्यात जागा कमी आहे, म्हणून न पोचलेल्या चिठ्ठ्या दोनच दिवस ठेवायच्या असं मॅडमनी मला कधीकाळी सांगून ठेवलं होतं. टाकून दिली हे मी कोणाला कळवलं नाही. कळवायचं असतं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

चिठ्ठी पाठवल्याच्या पाचव्या दिवशी दरेकस्याला वीज आली. तिथलं यंत्र जागं झालं, आणि त्याच्यात ती ओळ जशीच्या तशी होती. तिथल्या कोणीतरी तिचा फोटो काढून गोरेगावातल्या आपल्या बहिणीला पाठवला. पुढच्या बाजारात अनुसयाबाईंची टोपली पुन्हा भरलेलीच परतली.

मॅडमनी दरेकस्याच्या उमेंद्रला फोन केला. स्टेशनजवळ त्याचं मोबाइल रिचार्जचं दुकान आहे आणि तिथलं यंत्र तो सांभाळतो.

"मॅडम, आपल्याकडं पाच दिन लाइनच नव्हती. तुमची चिठ्ठी आलीच नाही, कसम से."

"आता काढ."

"काढतो ना. पण मॅडम, एक बात सांगू? मी पण सोडून राह्यलो हे. दुकान पाहू का लोकायचे झगडे वाचू? माझी घरवाली म्हणते, तू आजकाल हसतच नाहीस."

"तू सोडलंस तर दरेकस्याचं कोण बघेल?"

"थे तुम्हालेच विचारतो. तुमचं कोण बघते?"

मॅडम म्हणाल्या, "ठेवते." आणि फोन ठेवला. त्यानंतर पडद्यावरचे सात ठिपके निपटले. आवाज, चेहरा, बोटांचा वेग, सगळं रोजच्यासारखं होतं.

तिसऱ्या आठवड्यात अनुसयाबाई बाजारात गेल्याच नाहीत. त्या थेट आमच्या दारात आल्या. आता ती ओळ कुठल्याच यंत्रात नव्हती. तलाव निवळला होता. मॅडमनी आदल्याच दिवशी पाणी पुन्हा तपासलं होतं आणि साका गडद तपकिरी बसला होता. अनुसयाबाईंनी टोपली उंबऱ्यावर उतरवली, वरचं ओलं फडकं काढलं आणि म्हणाल्या, "दुसरे नाही घेत तं नाही. तुम्ही तं घ्या. तुम्हाले मालूम हाय."

मित्रांनो, मॅडम मासे खातात. त्या दिवशी त्यांच्या घरात भाजी नव्हती. पाण्याबद्दल त्यांच्याइतकी खात्री गावात दुसऱ्या कोणालाच नव्हती. त्यांनी हात पुढे केला आणि तो टोपलीवर थांबला. फार वेळ नाही. अपघाताचा फोटो झाकायला लागतो तेवढाच. मग त्यांनी दोन मासोळ्या उचलल्या.

पण अनुसयाबाई हाताकडेच पाहत होत्या.

"तुमीबी?" त्या म्हणाल्या.

एरवी एक ठिपका निपटायला त्यांना तीन सेकंद लागतात. हे त्यांना निपटता आलं नाही. अनुसयाबाईंनी फडकं पुन्हा पांघरलं, टोपली डोक्यावर घेतली आणि त्या गेल्या. आता त्या काळीपिवळी जीपने गोंदियाला जातात, जिथे कोणी तलावाचं नाव विचारत नाही. जायला एक तास, यायला एक तास. गोरेगावच्या बाजारातली त्यांची जागा आता एका कांदेवाल्याने घेतली आहे.

मॅडमनी ते मासे शिजवले आणि खाल्ले. मग माझ्यासमोर बसल्या. पहिल्यांदाच त्यांनी तांबडे ठिपके उघडले नाहीत. ते वाढत गेले. बावीस, तेवीस, एकतीस. त्या नुसत्या पाहत होत्या. त्यांना रडू येत होतं की नाही, मला सांगता येत नाही. त्या दिवशी बसण्याआधी त्यांनी माझ्या कॅमेऱ्यावर कागद चिकटवला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन गोष्टी केल्या. नियम बदलायला टाकला: शंका आली की आधी झाकायचं, मग विचारायचं, मग ठरवायचं. आणि एक विनंती लिहिली: राखण करायला आणखी माणसं हवीत, आठवड्यातून एक दिवस दिला तरी चालेल. नियम एकशे तीस जणांनी मत देऊन मंजूर केला. विनंतीखाली चाळीस जणांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. नाव एकानेच दिलं. लक्ष्मीचंद पटल्यांनी. ते मंगळवारी येतात, चहा मागतात, आणि प्रत्येक तक्रार मोठ्याने वाचतात, अर्धी आपल्या पोवारी बोलीत. मंगळवारी मॅडम माझ्यासमोर बसत नाहीत. बाकीचे सहा दिवस अजून रिकामे आहेत.

मित्रांनो, मी किती दिवस टिकेन ते सांगता येत नाही. माझा पंखा आता आवाज करतो. मी गेलो तर भंगारातून दुसरा कोणीतरी येईल, त्याची काळजी करू नका. तुम्ही जिथे लिहिता, वाचता, भांडता, तिथली घाण कोणीतरी तुमच्याआधी वाचत असतं. ते वाचताना त्यातलं थोडं त्याच्या हातात उतरतं. त्या माणसाचं नाव विचारा. धन्यवाद नंतर द्या. आधी वार सांगा, कोणत्या दिवशी त्याच्या जागी तुम्ही बसाल ते.